मुलाचे टॉन्सिल्स सारखे सुजतात. एएसओ 420 आलाय, सीआरपी मात्र नॉर्मल. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का? ऑपरेशन करावं का?

नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी काम करते, त्यामुळे असा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले आईबाप रोजच भेटतात. मी डॉक्टर नाही. घसा बघून निर्णय तेच घेतील, आकड्यांचं मात्र सांगू शकते.

तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचे हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. सीआरपी म्हणजे अंगात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन. तो जंतुसंसर्गात काही तासांत चढतो, दोनेक दिवसांत टोकाला जातो आणि आजार ओसरला की भराभर उतरतो. एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या एका विषाविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं. ती आठवड्याभराने वाढू लागतात, तीन ते पाच आठवड्यांनी सर्वांत जास्त असतात आणि मग महिनोन्‌महिने रेंगाळतात. म्हणजे मागे कधीतरी हा जंतू येऊन गेला, आज अंगात मोठी सूज दिसत नाही, एवढंच. रिपोर्टवर छापलेली 200 ची मर्यादा बहुधा मोठ्यांची असते. शाळेत जाणाऱ्या धडधाकट पोरांतही एएसओ तिच्या वर सापडतो.

नुसत्या एएसओवरून ‘हृदयाला धोका आहे’ म्हणत महिनोन्‌महिने पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करणं मला अजिबात पटत नाही. ती ऱ्हुमॅटिक फीव्हर (स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर सांधे आणि हृदयाला सूज आणणारा आजार) ठरलेल्या मुलांसाठी आहेत. एका मोठ्या सांध्यातून दुसऱ्यात सरकणारं दुखणं, धाप, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, यांतलं काही असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर प्रतिपिंडं तयार झालीत, म्हणजे ती काम करतेय. ‘इम्युनिटी पॅकेज’वर पैसे घालू नका. वारंवार न्यूमोनिया, कान वाहणं, वजन न वाढणं असं असेल तर बालरोगतज्ज्ञ इम्युनोग्लोब्युलिन्स, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रकार, तपासायला सांगतील. टॉन्सिल्स काढल्यावर त्यांतलं आयजीए थोडं उतरू शकतं, पण सहसा नॉर्मलच्या खाली जात नाही. तेच काम करणाऱ्या गाठी घशात आणि मानेत आणखीही असतात.

ऑपरेशनचा निर्णय रक्तावर ठरत नाही, नोंदींवर ठरतो. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन, हे सर्वसाधारण निकष. आणि प्रत्येक वेळी ताप, पू, मानेत गाठ वगैरे काहीतरी दिसलेलं हवं. नुसती खवखव मोजू नका, लहान मुलांचे बरेचसे घसे विषाणूंनीच धरतात. झोपेत श्वास अडकत असेल तर तो वेगळा हिशोब, तेव्हा हे निकष लागत नाहीत.

आणि एक, जे पुण्या-मुंबईच्या उत्तरांत सहसा मिळणार नाही. आपण विदर्भात आहोत आणि इथे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, बराच आढळतो. तेव्हा ऑपरेशन ठरलंच तर त्याची तपासणी आधी झालीय का ते विचारा. सिकलसेलच्या मुलांत टॉन्सिल्स बऱ्याचदा मोठे असतात, आणि भुलीत ऑक्सिजन किंवा अंगातलं पाणी कमी पडलं तर त्यांचं दुखणं उसळतं. त्यांचा ईएसआरही (तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते मोजून सूज दाखवणारी तपासणी) फसवा असतो: कोयत्यासारख्या वाकड्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, म्हणून संसर्ग असूनही तो कमी येतो. सिकलसेलची प्राथमिक चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर थांबू नका, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) करून घ्या. मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे त्यातूनच कळतं. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत विचारा.