दिवाळीपर्यंत थांबू नकोस

“ताई, मी नाशिकला सातपूरमध्ये राहते, वय 29. तीन वर्षांपूर्वी मुलगी झाली. आठव्या महिन्यात बीपी 170/110 झालं, लघवीत प्रोटीन निघालं आणि 33व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. मुलगी 1 किलो 600 ग्रॅमची होती, वीस दिवस काचेच्या पेटीत ठेवली. आता छान आहे. पण सासूबाई अजून ऐकवतात, ‘लोणचं-पापड सोडले नाहीत, म्हणून पोर अपुऱ्या दिवसांची झाली.’ आता मला पुन्हा दिवस गेलेत, दहावा आठवडा आहे. त्या काय बोलतील या विचारानं झोप लागत नाही. नवरा फार समजूतदार आहे, कशाचीच घाई करत नाही. तीन महिने कुठे बोलायचं नाही, मग पितृपक्ष येतो, म्हणून दिवाळीत सिन्नरला आईकडे जाईन तेव्हाच डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. पहिल्या वेळचे कागदही तिच्याकडेच आहेत. सासूबाईंना गप्प कसं करू?”

तुझ्या चार पानी पत्रात दवाखान्याबद्दल एकच ओळ आहे, आणि मला त्या ओळीनं घाबरवलंय. सासूबाईंचं नंतर बघू.

आज दहावा आठवडा. दिवाळी येईल तेव्हा अठरावा लागलेला असेल. तुझ्यासाठी जे औषध आहे ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला, म्हणजे सोळावा लागायच्या आत सुरू व्हावं लागतं. तुमच्या ठरावात नेमके तेच आठवडे गेले.

का, ते समजून घे. गर्भपिशवीच्या भिंतीत बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या असतात. पहिल्या साडेचार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात आणि त्यांना रुंद, सैल करतात, म्हणजे बाळाकडे रक्त सढळ जातं. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे तुला झाला होता त्या गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात, बऱ्याचदा हे काम अर्धवट राहतं. वाहिन्या अरुंदच राहतात, वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मग बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं, लिव्हरवर ताण येतो, प्लेटलेट्स उतरतात. तुझं बीपी आठव्या महिन्यात दिसलं, पण बिघाडाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची होती. लोणच्याचा निकाल इथेच लागतो. मीठ तोडल्यानं हा आजार टळत नाही, आणि फोडभर लोणच्यानं तो होतही नाही. सासूबाईंना हे सांगायचं तर सांग, पण त्यासाठी रात्र जागू नकोस.

औषध साधं आहे: कमी मात्रेची ॲस्पिरिन. हृदयाच्या पेशंटना देतात तीच गोळी, 75 ते 150 मिलिग्रॅम, रोज रात्री जेवणानंतर, साधारण 36व्या आठवड्यापर्यंत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्री’ या मोठ्या चाचणीत जोखीम असलेल्या बायकांना 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान 150 मिलिग्रॅम सुरू केली. 37 आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया त्यांच्यात निम्म्याहून जास्त घटला. ज्यांनी गोळ्या फारशा चुकवल्या नाहीत त्यांना फायदा अधिक झाला. म्हणून उशाशी ठेव आणि रात्री ब्रश केला की घे. मेडिकलवाला किंवा शेजारीण म्हणेल, “ही रक्त पातळ करते, पोटुशीनं कशाला?” या मात्रेत ती बाळाला व्यंग आणत नाही. मात्र आपल्या मनानं सुरू करू नकोस. दमा, अल्सर, ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी कळायला हवं.

पुन्हा होईल का, हे तू विचारलं नाहीस, बहुतेक भीतीपोटी. या आजारामुळे 28 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान बाळंत व्हावं लागलेल्या साधारण तिघींपैकी एकीला पुढच्या वेळी प्रीएक्लॅम्पसिया होतो. म्हणजे दोघींना होत नाही. झालाच तरी बऱ्याचदा पहिल्यापेक्षा उशिरा आणि सौम्य असतो. पण हा हिशोब लक्ष ठेवलेल्या गरोदरपणाचा आहे, दिवाळीपर्यंत झाकून ठेवलेल्या नव्हे.

नवऱ्याबद्दल तू इतकं गोड लिहिलंयस. मला त्याचं कौतुक वाटत नाही. 170/110 हा आकडा त्यानंही तेव्हा पाहिला होता, पेटीतली मुलगीही पाहिली होती. तरी तो घाई करत नसेल, तर तो शांतपणा तुझ्या अंगावर बेतू शकतो. तीन महिने बाहेर बोलायचं नाही, ही रीत पाळायची तर पाळा. डॉक्टर बाहेरचे नसतात. आणि पितृपक्षात बीपी मोजायला कुठल्याच शास्त्राची आडकाठी नाही.

सोमवारी जा. नेहमीच्या डॉक्टरांकडे जा किंवा त्र्यंबक रोडवर सिव्हिलला. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, पण त्या तारखेसाठीही थांबू नकोस. पहिलं वाक्य असं बोल: “मागच्या वेळी 33व्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसियामुळे सिझर झालं.” नुसतं “बीपी होतं” म्हणू नकोस, त्यात निम्मी गोष्ट हरवते.

लवकर जाण्याला आणखी एक कारण आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी आपोआप थोडं उतरतं. तुझं बीपी या तीन वर्षांत कायमचं वाढलेलं असेल, तर अठराव्या आठवड्यात पहिल्यांदा मोजल्यावर ते साळसूद दिसेल आणि सगळे फसतील. म्हणून आत्ताचा आकडा कागदावर हवा. सोबत सीबीसी, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या आणि लघवीतलं प्रोटीन, म्हणजे पुढे काही बदललं तर कशापासून बदललं ते कळेल. 34 आठवड्यांच्या आत बाळंतपण झालंय म्हणून अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीबद्दल, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिबॉडीबद्दल, स्वतःहून विचार. ती सापडली तर ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिनची इंजेक्शनं लागू शकतात. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी, 11 ते 14 आठवड्यांतच होतो, तेव्हाच गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवणारा डॉप्लरही बघता येतो. बीपीची एखादी गोळी चालू असेल तर ती दाखव. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात. परस्पर बंद मात्र करू नकोस.

दुसऱ्या तिमाहीपासून कॅल्शियम सुरू होईल, सरकारी दवाखान्यातून दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मिळतात. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, दोघींत दोन तासांचं अंतर ठेव.

घरी बीपीचं मशीन घ्या, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. दंडाचा घेर 32 सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा माग, लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो. आधी लघवीला जाऊन ये. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बस. हात टेबलावर छातीच्या उंचीला असू दे आणि मोजताना बोलू नकोस. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांब. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोज आणि दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिही. 140/90 किंवा वर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 160/110 दिसलं तर फोन करत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ, गाडी नसेल तर 108. विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली कळ, तोंडावर अचानक सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर आकडा चांगला असला तरी जायचं. बाळंतपणानंतरही ही वही सहा आठवडे चालू ठेव, कारण बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा उसळतं.

आता उठून आईला फोन लाव. तिला आजच सांग, आणि पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधायला लाव. त्यावर बीपीचे आकडे आहेत, प्लेटलेट्स आहेत, बाळाचं वजन आहे, कुठलं इंजेक्शन दिलं ते आहे. प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागव, आणि मूळ कागद घेऊन कुणीतरी रविवारी सिन्नरहून ये म्हणावं. तासाभराचा तर रस्ता आहे.