ऑनलाइन कपडे घेताना व्हर्च्युअल ट्राय-ऑन बघून साइज निवडावी का?

आपल्या फोटोवर कपडा चढवून दाखवणारी ही सोय रंग आणि गळा बघायला खुशाल वापरा. साइजसाठी मुळीच नाही.

माझे बाबा नागपुरात महाल भागात लेडीज टेलर होते. गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचं साक्षगंध झालं. तिला आजीची करवत काठी साडी नेसायची होती, त्यावर ब्रोकेडचा ब्लाउज ऑनलाइन मागवला. अ‍ॅपमध्ये स्वतःचा फोटो टाकला तर ब्लाउज इतका चपखल दिसला की दादा मला म्हणाला, "बघ, आता टेप लागत नाही."

पार्सल आलं दोन दिवस आधी. कमरेत बरोबर, पण मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, काचत होता, हात खांद्याच्या वर जाईना. बदलून यायला आठवडा लागणार होता. मी ब्लाउज उलटा केला, तर कडेची शिवण ओव्हरलॉक करून काठाशी कापलेली, आत माया, म्हणजे सैल करायला ठेवलेलं जास्तीचं कापड, नावालाही नाही. उसवून सोडणार काय? गांधीबागेतून मिळत्या रंगाचा कपडा आणला, दोन्ही काखांत चौकोनी जोड दिला, तेव्हा कुठे पोरीला गजरा माळायला हात वर नेता आला.

ट्राय-ऑनचं तंत्र फोटोतले खांदे, कोपरं, कंबर ओळखतं आणि त्यावर कपड्याचं चित्र चढवतं. चुण्या आणि सावल्याही तेच रंगवतं. समोरून काढलेल्या एका फोटोवरून छाती ३४ की ३६ हे कसं कळणार? लायक्रा ताणतो, ब्रोकेड ताणत नाही, चित्रात मात्र दोन्ही छानच बसतात.

घरातला नीट बसणारा ब्लाउज पलंगावर सपाट पसरा, छाती आणि मुंढा टेपने मोजा, मग साइज चार्ट बघा. चार्टमधलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, तेही वाचा. एवढं माप घेणं प्रत्येक मुलीला यायलाच हवं. बाबांनंतर दुकान मी चालवते म्हटलं होतं. "आता कोण शिवून घेतं?" म्हणत दादाने ते विकायला लावलं. त्याच्या मुलीच्या ब्लाउजचे जोड मी बाबांच्याच मशीनवर शिवले, हे त्याने लक्षात ठेवावं.

चष्म्याच्या फ्रेमला मात्र ट्राय-ऑन उपयोगी पडतं, हे मान्य. फ्रेम ताणत नाही, चुण्या पडत नाहीत. आणि कपड्यांसाठी वापरायचंच असेल तर आपला फोटो अ‍ॅपवाले किती दिवस ठेवतात, ते आधी वाचा.