लाल-निळ्या पडद्यासमोरची नोकरी

पत्र : बाबांचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला तेव्हा मी शेजारी उभी होते. पडद्यावर शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध निळं दिसत होतं. मशीन चालवणाऱ्या ताईंचं काम मला जमेल का? बारावी सायन्स झालंय, नीटला मार्क कमी पडले. आई म्हणते, एक्स-रेचं काम मुलींना नको. – हडपसर, पुणे

उत्तर : आधी तुझी एक चूक, जी मला आवडली. ते रंग शुद्ध-अशुद्धचे नसतात. छातीवर टेकवतात त्या प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं, एवढंच. पण घाबरलेल्या बाबांशेजारी उभं राहूनही तू पडदा नीट पाहिलास!

आईंना सांग, इकोत एक्स-रे नाहीच, ध्वनिलहरी असतात. बाबांना डाव्या कुशीवर वळवलं होतं ना? फुप्फुसातल्या हवेतून या लहरी नीट जात नाहीत. कुशीवर वळलं की हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि बरगड्यांच्या फटीतून दिसतं. सगळं कसब त्या फटीत आहे. पेशंट स्थूल किंवा दमेकरी असला की ती सापडता सापडत नाही, मनगट भरून येतं आणि बाहेर रांग वाढत असते.

एक्स-रे असतो कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात त्या खोलीत, अँजिओग्राफीला. तिथे अंगावर शिशाचा एप्रन, छातीला किरणोत्सर्ग मोजणारा बॅज. काळजी घेऊन मुलीही हे काम करतात, पण मध्यरात्री हार्ट अटॅकचा पेशंट आला की घरून निघावं लागतं. सीटी अँजिओची, म्हणजे सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्या पाहण्याची, तऱ्हा तिसरीच : ठोके ६० च्या आसपास यावेत म्हणून अनेकदा गोळी देतात, तोवर पेशंटला धीर द्यायला गोड जीभ लागते. तुझं पत्र वाचून मला तू इकोतलीच वाटतेस.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) पदवीत कार्डिऑलॉजी टेक्निशियन आणि रेडिओग्राफिक टेक्निशियन या वेगळ्या शाखा आहेत. ‘एक्स-रेचा कोर्स कर, इको आपोआप येतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. सहा महिन्यांत टेक्निशियन करणाऱ्या पाट्यांपासूनही लांब राहा. कुठेही फी भरण्याआधी एकच विचार : प्रोब माझ्या हातात कधी येणार, आणि कोणत्या हॉस्पिटलात?

एक गोष्ट मात्र खटकू शकते. झडप गळतेय हे आधी तुला दिसेल, पण रिपोर्टवर सही डॉक्टरांची. ‘ताई, काय दिसतंय?’ असं पेशंटने विचारलं तरी ‘डॉक्टर सांगतील’ एवढंच म्हणायचं. ती सही आपलीच हवी असं आतून वाटत असेल, तर नीटची परीक्षा आणखी एकदा दे.

बाबांच्या पुढच्या तपासणीला आईंनाही घेऊन जा. रांग ओसरली की त्या ताईंना विचार, दिवसाला किती इको होतात आणि संध्याकाळी खांदा किती दुखतो.