फॉरेन्सिक प्रयोगशाळेतील नोकरी प्रत्यक्षात कशी असते, आणि त्यासाठी एम.एस्सी. कशात करावी?

तुम्ही रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि तुमचे तीन प्रश्न आहेत: फॉरेन्सिक प्रयोगशाळेत रोजचे काम नेमके काय असते, पुढची पदवी फॉरेन्सिक सायन्सची घ्यावी की रसायनशास्त्राचीच, आणि ‘मुलीने असले काम कशाला करायचे’ असे विचारणाऱ्या घरच्यांना काय सांगावे. मी राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमध्ये, बहुतेक काळ विषशास्त्र विभागात, नोकरी केली आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः महाराष्ट्रातील आणि त्या एका विभागातील अनुभवावर आधारलेले आहे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण त्यामुळे अनेक विद्यार्थी चुकीच्या अभ्यासक्रमाला जातात. मालिकांमध्ये एकच व्यक्ती घटनास्थळी जाते, शवविच्छेदन करते, ठसे जुळवते आणि संशयिताला प्रश्नही विचारते. आपल्याकडे ही कामे वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. शवविच्छेदन वैद्यकीय अधिकारी करतात आणि त्या वाटेने जायचे असेल तर एम.बी.बी.एस. करून पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. करावे लागते. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षरे यांची तपासणी महाराष्ट्रात गुन्हे अन्वेषण विभागाच्या, म्हणजे पुण्याच्या सीआयडीच्या अखत्यारीत येते. तपास पोलिसांचा असतो. प्रयोगशाळेकडे येतो तो मुद्देमाल, आणि त्याच्या स्वरूपानुसार तो विषशास्त्र, जीवशास्त्र, डीएनए, दारूबंदी व उत्पादन शुल्क, सामान्य विश्लेषण, भौतिकशास्त्र, बॅलिस्टिक्स, सायबर, ध्वनी किंवा मानसशास्त्र अशा एखाद्या विभागाकडे जातो. मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. आमच्या अहवालाला पोलीस आणि वकील आजही ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, कारण तो रासायनिक विश्लेषकाच्या, म्हणजे केमिकल ॲनालायझरच्या सहीने जातो.

कामाची सुरुवात मुद्देमाल स्वीकारण्यापासून होते आणि मी या टप्प्याला कोणत्याही यंत्राइतकेच महत्त्व देते. पोलीस ठाण्याचा कर्मचारी दूरच्या तालुक्यातून कपड्यांची गाठोडी, बाटल्या, पुड्या घेऊन आलेला असतो. त्याच्याकडील पत्रावर गुन्हा रजिस्टर क्रमांक किंवा आकस्मिक मृत्यूचा क्रमांक, वस्तूंचे वर्णन आणि सीलचा नमुना असतो. प्रत्येक पाकिटावरचे लाखेचे सील त्या नमुन्याशी ताडून पाहायचे, लेबलवरच्या पंचांच्या सह्या पाहायच्या, पत्रात ‘एक निळा शर्ट’ लिहिले असेल तर आत निळा शर्टच आहे ना हे उघडताना नोंदवायचे. सगळे जुळले तर अहवालात ‘सील शाबूत व सोबतच्या नमुन्याप्रमाणे’ अशा अर्थाचे वाक्य जाते. जुळले नाही तर त्रुटी लिहून दिली जाते, मग समोरचा कर्मचारी कितीही लांबून आलेला असो. हे कारकुनी काम वाटते, पण या एका वाक्याला तडा गेला तर पुढची सगळी रासायनिक तपासणी अचूक असूनही न्यायालयात तिचा उपयोग होत नाही.

आता विषशास्त्राविषयी थोडे विस्ताराने सांगते. शवविच्छेदनानंतर डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग, राखून ठेवतात. एका बाटलीत जठर आणि लहान आतड्याचा भाग त्यातील द्रव्यासह, दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडाचे तुकडे, तिसरीत रक्त असते. शिवाय अवयव टिकवण्यासाठी वापरलेल्या मिठाच्या संपृक्त द्रावणाचा एक स्वतंत्र नमुना असतो, तो अशासाठी की सापडलेले विष त्या द्रावणातून आलेले नाही हे दाखवता यावे. समजा, धान्यात ठेवायच्या गोळ्या पोटात गेल्याचा संशय आहे. त्या गोळ्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते आणि आम्लाशी संयोग झाला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. जठरातील द्रव्य चंचुपात्रात घेऊन, आम्ल घालून हलकेच गरम करतात आणि तोंडावर सिल्व्हर नायट्रेटने ओला केलेला कागद धरतात. कागद काळा पडतो. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला इथेच निष्कर्ष मिळाल्यासारखे वाटते. पण कुजू लागलेल्या अवयवांतून हायड्रोजन सल्फाइडही निघतो आणि तोही हाच कागद काळा करतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा दुसरा कागद धरावा लागतो. सल्फाइड असेल तर दोन्ही कागद काळे पडतात, नुसता फॉस्फिन असेल तर लेडचा कागद पांढराच राहतो. दोन्ही काळे पडले तर या चाचणीवरून काहीही म्हणता येत नाही आणि गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या, म्हणजे मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करून ओळखण्याच्या, दुसऱ्या मार्गाने जावे लागते.

या एका चाचणीवर मी मुद्दाम थांबले आहे. आपली चाचणी कोणत्या गोष्टीने फसू शकते हे ज्याला ठाऊक आहे आणि जो ते उघडपणे लिहू शकतो, तोच या नोकरीला योग्य, असे माझे ठाम मत आहे. हुशारी, चिकाटी, यंत्रांवरचा हात हे सगळे त्यानंतर येते. कीटकनाशकांसाठी आम्ही वर्षानुवर्षे टीएलसी, म्हणजे थिन लेअर क्रोमॅटोग्राफी, वापरत आलो. अवयवांतून विष द्रावकात उतरवायचे, सिलिकाच्या काचपट्टीवर त्याचा ठिपका ठेवायचा, शेजारी प्रमाण नमुन्याचा, म्हणजे माहीत असलेल्या विषाचा, ठिपका ठेवायचा, आणि पट्टीवर द्रावक वर चढल्यावर विशिष्ट अभिकर्मक फवारून रंग पाहायचा. अशा फवाऱ्यांवर आपल्याच राज्यातील प्रयोगशाळांच्या शास्त्रज्ञांनी मूलभूत काम करून ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. आता जीसी-एमएस आणि एलसी-एमएस ही क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमेट्री जोडलेली यंत्रे आहेत, सूक्ष्म मात्राही सापडते, पण प्रमाण नमुना आणि विष नसलेला कोरा नमुना सोबत चालवण्याची शिस्त तीच आहे.

विष सापडले नाही तर आम्ही लिहितो की, सामान्य आणि विशिष्ट रासायनिक चाचण्यांमध्ये अमुक क्रमांकाच्या वस्तूंत विष आढळून आले नाही. या वाक्याचा अर्थ ‘विषाने मृत्यू झाला नाही’ असा होत नाही. रुग्णाला उलट्या झालेल्या असतात, रुग्णालयात चार-सहा दिवस उपचार झालेले असतात, शरीर विषाचे विघटन करत असते, आणि काही विषे अशा तपासणीत हाती लागतच नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीतले विष त्वचेतून आणि श्वासातून जाते, जठरात फारसे काही मिळत नाही, आणि अशा वेळी पहिल्या दिवशी घेतलेले रक्त नंतरच्या अवयवांपेक्षा कितीतरी जास्त सांगते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण राखून ठेवलेले असते आणि ते आमच्या अहवालाची वाट पाहत असतात. शेतकरी अपघात अनुदानाच्या प्रस्तावातही विषबाधा असेल तर रासायनिक विश्लेषण अहवाल मागितला जातो. म्हणजे कपाटातल्या प्रत्येक बाटलीमागे एखादे घर अडून बसलेले असते. प्रलंबित प्रकरणांचा ढीग आणि एकेका प्रकरणाला लागणारा खरा वेळ यांतली ओढाताण हा या नोकरीतला सर्वांत मोठा ताण आहे, आणि तो वासापेक्षा, रक्तापेक्षा जास्त जड जातो. घाई करून अहवाल सोडण्याचा दबाव वरूनही येतो, बाहेरूनही येतो. तो सहन करून चाचणी पूर्ण करणे हा कामाचाच भाग समजावा.

न्यायालयाविषयी विद्यार्थ्यांना धास्ती असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २९३ होते, ठरावीक शासकीय तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो, परंतु न्यायालयाला वाटल्यास समन्स निघते. साक्षीची वेळ तपासणीनंतर काही वर्षांनीही येते. उलटतपासणीत वकील रसायनशास्त्र कमी आणि नोंदी जास्त विचारतात: मुद्देमाल कोणत्या तारखेला आला, उघडला कोणी, तोपर्यंत कुठे ठेवला होता, तपासणीसाठी किती भाग घेतला, उरलेला कुठे आहे. त्या दिवशी आपल्या मदतीला फक्त आपली वर्कशीट असते. म्हणून महाविद्यालयातल्या प्रॅक्टिकलची वही निरीक्षण होताच पेनाने लिहिण्याची, खाडाखोड एका रेघेने करून सही करण्याची सवय तुम्ही आजपासूनच लावावी.

पदवीच्या प्रश्नाकडे येते. शासकीय भरतीत प्रत्येक पदाची अर्हता विभागानुसार ठरते. सहायक रासायनिक विश्लेषक हे गट ब चे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते, वैज्ञानिक सहायकासारखी गट क ची पदे प्रयोगशाळांच्या संचालनालयाच्या परीक्षेतून भरली जातात, आणि सायबर किंवा मानसशास्त्र विभागासाठी त्या त्या विषयाची पदवी मागतात. जुन्या जाहिराती काढून अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचा. शिकवणीवर्गाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. तुम्हाला विषशास्त्र, अमली पदार्थ, दारू, स्फोटके अशा कामाची ओढ असेल तर माझा सल्ला विश्लेषणात्मक किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करण्याचा आहे. त्याचे साधे कारण असे की शासकीय जागा मोजक्या असतात आणि जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. त्या काळात रसायनशास्त्राच्या पदवीवर औषधनिर्मिती, अन्नतपासणी किंवा पर्यावरण प्रयोगशाळेत काम करता येते आणि तिथे क्रोमॅटोग्राफीवर बसलेला हात नंतर आमच्याकडे लगेच उपयोगी पडतो. फॉरेन्सिक सायन्सची एम.एस्सी. घ्यायचीच असेल तर नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई येथील शासकीय संस्था पाहा, तसेच २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ झालेले गांधीनगरचे न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ पाहा. त्याचे आवार गोव्यात फोंडा येथे आहे आणि नागपुरातही सुरू झाले आहे. खासगी महाविद्यालयात प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट प्रत्यक्ष जाऊन तपासा: विद्यार्थ्यांना यंत्र स्वतः चालवायला मिळते की काचेपलीकडून दाखवले जाते. केंद्रीय प्रयोगशाळांपैकी एक पुण्यात आहे, त्यांची भरती वेगळी असते, तिच्यावरही लक्ष ठेवा.

काम वाढणार यात शंका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे आणि ते बंधनकारक करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. त्यामुळे फिरत्या व्हॅनवरची पदे निघत आहेत, त्यांतली अनेक कंत्राटी आहेत. कंत्राटी काम अनुभवासाठी घ्यायला हरकत नाही, मात्र करारात साक्षीसाठी नंतर बोलावले गेल्यास प्रवासखर्च आणि हजेरीची तरतूद काय आहे हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. नार्को (औषध देऊन केलेली चौकशी) किंवा पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) यांचे आकर्षण असेल तर हे लक्षात ठेवा की, सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी निकालात व्यक्तीच्या संमतीविना या चाचण्या करता येणार नाहीत असे ठरवले आहे आणि त्या विभागात जागाही थोड्या आहेत.

घरच्यांची काळजी मी समजू शकते. वास असतो, तो फ्यूम हुड, म्हणजे वाफा बाहेर ओढणारे कपाट, चालू असेल तर सुसह्य होतो, आणि हुड नीट ओढत नसेल तर लेखी तक्रार करावी. द्रावकांपासून आणि संसर्गापासून जपावे लागते, हेपॅटायटिस बी ची लस रुजू होण्याआधीच घ्यावी. मनावर ओझे येते, हेही त्यांच्यापासून लपवू नका. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने १०० हून अधिक माणसे गेली. अशा वेळी प्रयोगशाळेत समोर नुसत्या बाटल्या असल्या तरी त्या कुणाच्या आहेत हे मनातून जात नाही. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणांतले लहान मुलांचे कपडे हाताळणाऱ्या जीवशास्त्र विभागातील सहकाऱ्यांचे काम मला नेहमीच आमच्यापेक्षा कठीण वाटत आले आहे. पण मुलींसाठी हे क्षेत्र अनोळखी नाही. डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती यांनी महाराष्ट्राच्या प्रयोगशाळांचे संचालकपद सांभाळले, आणि माझ्या विभागात कित्येक वर्षे निम्म्याहून अधिक टेबलांवर स्त्रिया होत्या. कामाची वेळ कार्यालयीन असते, बदल्या मात्र राज्यभर होतात, आणि लग्नानंतर मुख्य अडचण त्या बदल्यांची येते, मुद्देमालाची नाही. घरी बोलणे करायचे तर ते यावर आधी करून घ्या.

निकाल लागेपर्यंत हाताशी वेळ असेल तर जिल्हा व सत्र न्यायालयात जाऊन एखाद्या खटल्याची सुनावणी मागच्या बाकावर बसून ऐका. सहसा सुनावणी खुल्या न्यायालयात असते, पॉक्सोसारखी प्रकरणे मात्र बंद दाराआड चालतात. डॉक्टरची किंवा तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी ऐकायला मिळाली तर कोणत्या प्रश्नाला साक्षीदाराने कोणता कागद उघडला, एवढेच टिपून ठेवा.