भोंगा वाजला की अंगणात यायचं नाही

"मामा, अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत नोकरी लागली. आई तिथल्या वादळांचे व्हिडिओ पाहून रडते. खरंच तेवढं असते का?" असं विचारलंस.

बापू, व्हिडिओ खोटे नाहीत. 20 मे 2013 ला शहराला लागूनच असलेल्या मूर गावावरून टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा, गेला, 24 माणसं गेली. पण अकरा वर्षांत मी तीनदाच बाथरूममध्ये दडून बसलो, घर शाबूत आहे. उन्हाचं तर तुला सांगायलाच नको. आपल्याकडचा मे वावरात काढलेल्याला इथला उन्हाळा सोसतो.

गावात वावधन सुटलं की आपण अंगणात धावतो. टिनावर दगड ठेवायचे, ढोरं आत घ्यायची, कुटारावर ताडपत्री ओढायची. हीच सवय मोडावी लागते. पहिल्या वर्षी टोर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि मी सरळ बाल्कनीत! आभाळ हिरवट-काळं, वारा एकदम पडलेला. शेजारच्या म्हातारीने दंडाला धरून आत ओढलं.

दोन शब्द पाठ कर. 'वॉच' म्हणजे हवा टोर्नेडोजोगी आहे, मोबाइल चार्ज कर, लक्ष ठेव. 'वॉर्निंग' म्हणजे तो दिसला किंवा रडारवर सापडला, आता हातात काही मिनिटं. भोंगा बाहेरच्या माणसांसाठी असतो, दारं लावून झोपलेल्याला ऐकू येईलच असं नाही. म्हणून फोनवरचे अलर्ट कधी बंद करू नकोस.

घर तळमजल्यावरचं बघ. इथे तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, तिथे फसू नकोस. मधली, बिनखिडकीची खोली हवी. आत बूट आणि हेल्मेट ठेव. नंतर काचांवरून चालावं लागतं. रस्त्यात सापडलास तर पुलाखाली थांबू नकोस, तिथे वारा आणखी जोर धरतो.

आपल्याकडे गार हरभऱ्यावर पडते, इथे गाडीवर. विमा कॉम्प्रिहेन्सिव्हच घे, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरणारा; नुसत्या लायबिलिटीत, म्हणजे दुसऱ्याचंच नुकसान भरणाऱ्या विम्यात, गारांचा एक पैसा मिळत नाही. हिवाळ्यात गोठणारा पाऊस तारा तोडतो, मग दिवसेंदिवस लाइट नसते. लोडशेडिंग पाहिलेला तू, निभावशील. फक्त घोंगडी आण.

आणि आईला आधीच सांगून ठेव: इथे शनिवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी असते, उन्हाळ्यात तिकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा. माझ्या आईने फोनवर तो ऐकला आणि रात्रभर देवापुढे बसून राहिली.