हजार लिटरच्या जुन्या टाक्यांतून शेतावर पाणी आणून साठवणे कितपत योग्य आहे?

आपण विचारले आहे की, शेतावरची बोअर मार्चअखेर आटते, घरात चार माणसे व दोन म्हशी आहेत, आणि लोखंडी जाळीतल्या हजार लिटरच्या जुन्या टाक्या भंगारवाल्याकडून घेऊन पिकअपने पाणी आणावे व त्याच टाक्यांत साठवावे असा बेत आहे. तर तो करावा का. माझे शेत माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला आहे, आणि नेमका हाच बेत मी आठ वर्षांपूर्वी केला होता. त्यातले निम्मे आजही चालू आहे आणि निम्मे पहिल्याच उन्हाळ्यात सोडून द्यावे लागले. टाक्या राहिल्या, पिकअप गेली.

आधी कागदावर हिशेब मांडावा. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी रोजचे 55 लिटर धरले आहेत. टंचाईच्या काळात सरकारी टँकर देतो ते दरडोई 20 लिटर, पण तेवढ्यावर दिवस काढणे म्हणजे काय हे ज्याने काढले त्यालाच ठाऊक. आपण 55 धरू, म्हणजे चार माणसांचे 220 लिटर झाले. उन्हाळ्यात दुभत्या म्हशीला पिण्यालाच सत्तरेक लिटर लागतात, म्हणून दोघींचे 140. एकूण रोज 360 लिटर. हजार लिटरची टाकी तिसऱ्या दिवशी संध्याकाळपूर्वीच संपते, आणि एप्रिलपासून अर्ध्या जूनपर्यंतच्या 75 दिवसांना 27,000 लिटर, म्हणजे पिकअपच्या 27 खेपा लागतात. हेच पाणी पाच हजार लिटरच्या ट्रॅक्टर टँकरने सहा खेपांत येते. आपल्या गाडीतले डिझेल आणि भरण्या-उतरवण्यात मोडणारा अर्धा दिवस धरला, तर भाड्याचा टँकर महाग वाटेनासा होतो.

दुसरी गोष्ट वजनाची. हजार लिटर पाणी म्हणजे बरोबर एक टन, वर रिकाम्या टाकीचे साठेक किलो. छोटा हत्ती म्हणतात त्या गाडीची क्षमता साडेसातशे किलोच्या आसपास असते, त्यामुळे तिच्यात भरलेली टाकी चढवणे हा सरळ ओव्हरलोड आहे. मोठी पिकअप हे वजन पेलते. पण वजन पेलणे वेगळे आणि हिंदकळणारे वजन पेलणे वेगळे. मी पहिल्या खेपेला, ओझे कमी असलेले बरे असे समजून, टाकीत सहाशेच लिटर पाणी भरले होते. उतारावरच्या वळणावर ब्रेक दाबला, गाडी थांबत आली, आणि एका क्षणानंतर मागून कोणी धक्का द्यावा तसे पाणी पुढच्या भिंतीवर आदळले व गाडी पुन्हा हातभर पुढे सरकली. टँकरच्या पोटात ठिकठिकाणी आडवे पत्रे असतात ते याचसाठी. जाळीच्या टाकीत तसे काही नसते. म्हणून अशी टाकी न्यायचीच झाली तर गळ्यापर्यंत भरून किंवा पूर्ण रिकामी न्यावी, आणि नुसत्या जाळीला दोर न बांधता वरून रॅचेट पट्टे (खटका मारून ताणता येणारे जाड पट्टे) टाकून हौद्याला आवळावी. ट्रॅक्टरच्या टँकरलाही बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणून चालवणारा उताराला गिअर काढून गाडी सोडणारा असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

तेव्हा माझे मत असे की वाहायचे भांडे आणि साठवायचे भांडे वेगळे ठेवावे, आणि साठवण किती करायची हे वाहणाऱ्या भांड्यावरून ठरवावे. टँकर आला की त्याला पूर्ण रिकामा होऊन जाता आले पाहिजे, आणि तो चार दिवस उशिरा आला तरी घर चालले पाहिजे. आपल्या बाबतीत ते पाच हजार अधिक दीड हजार, असे साडेसहा हजार लिटर होतात. एवढ्यासाठी जाळीच्या सात टाक्या लागतील. किंवा पाच हजारांची एक काळी टाकी आणि जोडीला जाळीच्या दोन. माझ्याकडे ही दुसरी रचना आहे.

जुन्या टाकीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचे पूर्वायुष्य. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत वाफेने धुऊन घेतल्या होत्या. आपल्याकडे वाफ नाही, म्हणून निवडतानाच जपावे. टाकीवर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर ती केव्हा बनली ते कळते. आत काय होते ते मात्र चिकटवलेल्या लेबलावरच असते. खाद्यतेल, ग्लुकोजचा पाक, ग्लिसरीन असे काही असेल तर घ्यावी. कीटकनाशक, रंग किंवा सॉल्व्हंट असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये, आणि लेबल खरवडून काढलेले असेल तर तीही त्यातलीच समजावी. मी अशी एक घेतली होती. तीन वेळा धुतली, नाक आत घालून वास घेतला, काही आले नाही. मेमध्ये भरून ठेवली आणि चौथ्या दिवशी भर दुपारी झाकण उघडले, तर तापलेल्या पाण्याला थिनरचा वास. प्लॅस्टिक आत मुरलेले रसायन उष्णतेने हळूहळू सोडत राहते, ते वरवर धुऊन जात नाही. त्या टाकीत आता फक्त बांधकामावर मारायचे पाणी असते. म्हशींनाही मी ते दाखवत नाही. चांगल्या टाकीचेसुद्धा झाकणातले आणि कॉकमधले रबरी वॉशर बदलावेत, कारण वास तिथे दडून बसतो. कॉक दोन इंची दिसतो, पण त्याचे आटे जाड असतात आणि आपल्या पाइपाशी जुळत नाहीत. त्यासाठी वेगळा अडॅप्टर मिळतो, तो टाकीबरोबरच मागून घ्यावा.

बसवताना खाली मुरूम धुमसून त्यावर चार इंच काँक्रीट करावे. सव्वा चौरस मीटर जागेवर एक टन उभा राहणार असतो, आणि नुसत्या मुरमावर ठेवलेली माझी टाकी पहिल्या वळवातच एका कोपऱ्याने खचली. एकाहून अधिक टाक्या खालून पाइपाने जोडायच्या असतील तर सर्वांचे तळ आणि माथे एका पातळीत हवेत, नाहीतर जी सखल आहे ती वरून वाहू लागते आणि बाकीच्या अर्ध्याच भरतात. उंचीचा मोह आवरावा. दहा फूट उंचीने जेमतेम 0.3 किलो दाब मिळतो. नळाला आणि गोठ्यातल्या हौदाला तो पुरतो, आणि त्यासाठी लोखंडी मनोरा उभारण्यापेक्षा शेतातले एखादे टेकाड किंवा उंच बांध शोधलेला बरा.

जाळीची टाकी पांढुरकी असते, तिच्यातून उजेड आत जातो आणि पंधरा दिवसांत भिंतींना हिरवे शेवाळ धरते. काळा रंग द्यावा किंवा ताडपत्रीने पूर्ण झाकावी. ऊन लागले नाही की प्लॅस्टिकही जास्त उन्हाळे टिकते. झाकण घट्ट लावून मोटरीने पाणी ओढल्यास आत हवा शिरायला वाट राहत नाही आणि टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात, म्हणून वर छोटे भोक हवे. पण त्याला बारीक जाळी लावावी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंखापर्यंत उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, आणि टँकर चौदा दिवसांनी येतो. गोठ्याचा उघडा हौद मात्र आठवड्यातून एकदा कोरडा करून घासावा.

पिण्याच्या पाण्याची बाब वेगळी आहे. आणलेली टाकी पहिल्यांदा वापरण्यापूर्वी हजार लिटर पाण्यात सुमारे 170 ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकून रात्रभर ठेवावी, आणि ते पाणी विहिरीपासून व रोपांपासून लांब सोडावे. नंतर प्रत्येक भरणीला हजार लिटरमागे अडीच ते पाच ग्रॅम पुरते. पावडर थेट टाकू नये. बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळ ओतावी आणि तासभर थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवावी, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. उघड्या पिशवीतली जुनी पावडर पांढरी दिसते, पण तिच्यात दम उरलेला नसतो. आरोग्यसेवकाकडे ओटी टेस्टचे, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायचे, द्रावण असते. एकदा पाणी तपासून घ्यावे, पिवळी छटा आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. आमच्याकडे पिण्याचे पाणी दोनशे लिटरच्या वेगळ्या पिंपात असते, त्याला खाली तोटी आहे आणि त्यात तांब्या बुडवायला घरात सर्वांना बंदी आहे.

आपण विचारले नाही, पण साठवण केलीच तर ती वर्षभर रिकामी ठेवू नये. आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा परतीचा. पाचशे चौरस फूट पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की गळती वजा जाता 37 लिटर पन्हाळीतून येतात. म्हणजे साडेसहा हजार लिटर भरायला पावणेदोनशे मिलिमीटर पुरे होतात. पहिल्या सरीचे पाणी सोडून देऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्ही टाक्या भरतो, झाकतो आणि बोअर चालू असेपर्यंत त्यांना हात लावत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये गावातले बाकीचे लोक टँकरवाल्याला फोन करत असतात, तेव्हा आमचे पहिले अठरा दिवस घरच्या पाण्यावर निघतात.