घरचे फोटो ऑनलाइन टाकल्यावर ते कोणी कॉपी करू नयेत यासाठी काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की मुलांचे फोटो ब्लॉगवर टाकायचेत, तर राइट-क्लिक बंद करून भागेल की वॉटरमार्कच, म्हणजे फोटोवर आपलं नाव, लावावा. राइट-क्लिक विसरा. स्क्रीनवर दिसला की स्क्रीनशॉट निघतो, संपला विषय. अकाउंट प्रायव्हेट केलं, फेसबुकचं प्रोफाइल लॉक केलं तर अनोळखी लोक बाहेर राहतात, तेवढ्यासाठी जरूर करा, पण लिस्टमधल्याच कोणी फोटो पुढे पाठवला तर त्या लॉकचा काही उपयोग नाही. वॉटरमार्कबद्दल मात्र बोलायलाच हवं.

मी गोव्यातल्या माशेलची. आमच्याकडे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो असतो. अंगाला तेल चोळून लोक चिखलात उतरतात, पोरांसारखे खेळतात, तोंडी विठ्ठलाचं नाव. तिथे मी माझ्या मुलाचा एक फोटो काढला, डोक्यापासून पायापर्यंत चिखल आणि दिसतायत ते फक्त डोळे आणि दात. मला आजवर जमलेला सगळ्यात चांगला फोटो तो. कोपऱ्यात नाव घालून फेसबुकवर टाकला. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर म्हापशाहून मावसबहिणीने एक जाहिरात पाठवली, किनाऱ्याकडच्या एका रिसॉर्टची, मान्सून मड पार्टी, कपल पॅकेज वगैरे, आणि मधोमध माझा पोरगा! नाव होतं तो कोपरा कापलेला. शेजारी बिअरचा ग्लास चिकटवलेला. लहान मुलाच्या शेजारी, आणि आम्ही ज्याला देवाचा खेळ मानतो त्याला पार्टी म्हणून! माझं डोकंच फिरलं.

फोन केला तर मॅनेजर म्हणतो, मॅडम, गुगलवर मिळाला, गुगलवरचं सगळ्यांचंच असतं. नसतं हो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ज्याने फोटो काढला तो मालक, नोंदणी लागत नाही, वॉटरमार्क लागत नाही. वर मलाच विचारलं, तुमचाच कशावरून? तिथे कामाला आली ती मूळ फाइल, तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल सगळं आत असलेली, आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम, ज्या कधी कुठे टाकलेल्याच नव्हत्या त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे असणं शक्यच नाही. त्या बारीक करून मेलला जोडल्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट लिंकसकट जोडले (हे फोन करायच्या आधी घ्या, नंतर लोक पोस्ट उडवतात), फेसबुकच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार टाकली आणि रिसॉर्टला बिल पाठवलं. जाहिरात उतरली. मग म्हणाले एक रात्र फुकट राहायला या. मी म्हटलं बिल भरा. बऱ्याच फोनाफोनीनंतर भरलं.

त्यामुळे माझं मत, मूळ फाइल घरातून बाहेर जाऊच द्यायची नाही. लांब बाजू हजार पिक्सेलच्या आसपास करून टाका, मोबाइलवर छान दिसतो, बॅनरला मोठा छापायला घेतला तर धूसर होतो. नाव घालायचंच तर कापता येणार नाही असं, चेहऱ्याजवळून घाला. अधूनमधून गुगल लेन्स किंवा टिनआय अशा, फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर स्वतःचेच फोटो शोधून बघा.

आमच्या थोरल्या भावजींनी तेव्हा ऐकवलं होतं, फोटो टाकायचेच कशाला, घर चव्हाट्यावर मांडलं की असंच व्हायचं. अजूनही चतुर्थीला सगळे जमले की विषय निघतोच. मला हे मुळीच पटत नाही. मे महिन्यात आपण अंगणात कोकमाची सोलं वाळत घालतो ती काय रस्त्याने जाणाऱ्याने पिशवी भरून न्यावीत म्हणून? नेणाऱ्याला कोणी काही बोलत नाही आणि घरातल्या बाईला मात्र जाब विचारायचा. ज्यांनी फोटो उचलला त्यांनी पैसे भरले, म्हणजे चूक कोणाची ते त्यांना कळलं, घरात कधी कळणार? तुमच्या घरातही कोणी असं म्हणालं तर त्याला तक्रारीचा फॉर्म भरायला बसवा, उपदेश नको. मी चिखलकाल्याचे फोटो आजही टाकते, मुलगा आता मोठा झालाय म्हणून त्याला विचारून टाकते एवढंच.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. लग्नाबिग्नाचे फोटो पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल तर मालक फोटोग्राफर नाही, पैसे देणारे तुम्ही. स्वतःच्या ब्लॉगवर टाकताना फोटोतलं लोकेशन काढून टाका, नाहीतर घराचा पत्ताच जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. आणि कोणी फोटो मॉर्फ केला किंवा खाजगी फोटोवरून धमकावत असेल तर बिल-मेलच्या भानगडीत पडू नका, सरळ राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, गोव्यात असाल तर रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस स्टेशनला जा, आणि जाताना सगळे स्क्रीनशॉट न्या, चॅट डिलीट करू नका.